भातुकलीतला चहा आणि मॅक्सीचं चॉकलेट

दीड-दोन वर्षांचं मूल भातुकलीतला रिकामा कप तोंडाला लावतं आणि चहा प्यायल्याचं नाटक करतं. कप रिकामा आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मग हेच मूल, समोरच्या माणसाच्या मनात चुकीची समजूत असू शकते हे ओळखायला आणखी दोन-अडीच वर्षं का घेतं?

मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांच्या अशा खेळांच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि १९४५ साली त्या पुस्तकात मांडल्या. दुसऱ्याच्या मनाचा प्रश्न मात्र आला चिंपांझींकडून. त्यांना दुसऱ्याचं मन कळतं का, असं प्रेमॅक आणि वुडरफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये विचारलं. डॅनिएल डेनेटसारख्या तत्त्वज्ञांनी त्यातली अडचण लगेच दाखवली: समजूत खरी असेल तर वस्तुस्थिती पाहूनही बरोबर उत्तर देता येतं. पारख करायची तर समजूत खोटीच हवी.

हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये तशी चाचणी रचली. मॅक्सी निळ्या कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो. आई त्यातलं थोडं केकसाठी वापरते आणि उरलेलं हिरव्या कपाटात ठेवते. मॅक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? मुलांना अशा दोन गोष्टी सांगितल्या; दोन्हींत बरोबर उत्तर देणारं तीन ते चार वयोगटात एकही मूल निघालं नाही. चार ते सहामध्ये ५७ टक्के, सहा ते नऊमध्ये ८६ टक्के.

ही चाचणी घेताना घाई नडते. ‘चॉकलेट आत्ता कुठे आहे?’ आणि ‘आधी कुठे होतं?’ हे दोन प्रश्न विचारावेच लागतात. ते चुकले तर मुलाला गोष्टच लक्षात राहिलेली नाही, आणि मुख्य उत्तराला अर्थ उरत नाही. शिवाय जागा दोनच, त्यामुळे नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात. ‘कुठे शोधेल?’ हे लहान मूल ‘कुठे शोधलं तर सापडेल?’ असंही ऐकतं. सीगल आणि बीटी यांनी १९९१ मध्ये ‘सगळ्यात आधी कुठे शोधेल?’ असं विचारल्यावर तीन वर्षांच्या मुलांची उत्तरं बरीच सुधारली.

बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी १९८५ मध्ये बाहुल्या वापरून हाच प्रश्न विचारला. २० स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी १६ चुकली. डाउन सिंड्रोम (बौद्धिक वाढ मंदावणारी जन्मजात स्थिती) असलेल्या १४ पैकी १२ मुलांनी मात्र बरोबर सांगितलं. स्वमग्न मुलं लुटुपुटीचा खेळही कमी खेळतात, म्हणून केळ्याचा फोन करणं आणि मॅक्सीचं मन ओळखणं यांमागे एकच यंत्रणा असावी, असं लेस्ली यांनी १९८७ मध्ये सुचवलं. कल्पना देखणी आहे, पण चाचणीत भाषेचा भार मोठा आहे, हे विसरून त्या १६ मुलांना ‘दुसऱ्याचं मन न कळणारी’ ठरवणं अन्यायाचं होईल.

२००५ मध्ये भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आसपास ही चाचणी पार करताना दिसली. त्याच वर्षी ओनिशी आणि बायार्जों यांनी १५ महिन्यांच्या बाळांच्या नजरेतच ही समज दिसते असं मांडलं. तसे निष्कर्ष पुढे सगळ्यांना मिळाले नाहीत. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सगळे पुरावे तपासले, तेव्हा लुटुपुटीच्या खेळामुळेच ही समज येते असं म्हणायला आधार अपुरा निघाला.