पोटाची सोनोग्राफी असेल त्या दिवशी सकाळचा चहा का नको, ते एकदा नीट सांगतो

आमच्या काउंटरवर रोज सकाळी हेच बोलणं होतं. "काही खाल्लंय का?" "नाही नाही, उपाशीच आलोय." "चहा?" "चहा घेतलाय अर्धा कप, तेवढाच." आणि मग तिथेच सगळं अडतं. पेशंटला वाटतं आम्ही उगाच अडवणूक करतोय, आणि पहाटेची एसटी धरून आलेल्या माणसाला उद्या या म्हणून सांगणं आमच्याही जिवावर येतं, म्हणून हे पत्रक काढलंय. अपॉइंटमेंट घेतलीत की ते तुमच्या व्हॉट्सॲपवर येईल. ज्यांची तपासणी आहे त्यांना मात्र वाचून दाखवा, कारण बरेचदा फोन मुलाने केलेला असतो आणि सूचना आईपर्यंत पोचलेलीच नसते.

आता अर्धा कप चहाने एवढं काय होतं ते बघा.

भाकरी-भाजी जठरात गेली की ती तिथे दोन-चार तास तरी असते, आम्लात घुसळली जाते, पातळ होते आणि मग थोडी थोडी पुढे सोडली जाते. पातळ पदार्थ एवढं थांबत नाहीत, चहा काही मिनिटांतच पुढे लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरायला लागतो. लहान आतडं एकूण सहा-एक मीटर असतं, त्यातला हा सुरुवातीचा भाग जेमतेम वीतभर, ह्याला ड्युओडेनम म्हणतात, आणि आमचं सगळं भांडण इथलंच आहे. ह्या भागाच्या आतल्या अस्तरात अशा पेशी असतात की दुधातली स्निग्धता, प्रथिनं त्यांना लागली की त्या लगेच सीसीके नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. ते हार्मोन पित्ताशयाला पोचलं की पित्ताशय आवळतं, पित्तनलिकेच्या टोकाची झडप उघडते आणि साठवलेलं पित्त आतड्यात ओतलं जातं. स्वादुपिंडालाही पाचकरस सोडायचा निरोप ह्याच हार्मोनने जातो. शरीराच्या दृष्टीने सगळं अगदी बरोबर चाललेलं असतं, जेवण आलं की पित्त लागणारच, तेल-तूप-दुधातली चरबी बारीक बारीक थेंबात फोडायला त्याच्याशिवाय चालत नाही. फक्त आमची तपासणी त्यात बसत नाही.

पित्ताशय म्हणजे लिव्हरच्या खालच्या बाजूला चिकटलेली, छोट्या लांबट वांग्याएवढी पिशवी. लिव्हर दिवसाला साधारण 600 मिली ते एक लिटर पित्त बनवतं, आणि आपण उपाशी असतो तेव्हा त्यातलं बरंचसं ह्या पिशवीत जमा होतं. पिशवीत मावतं 30 ते 50 मिली, पण ती त्यातलं पाणी शोषून घेऊन पित्त घट्ट करते म्हणून एवढ्यात भागतं. रात्रभर काही खाल्लं नाही की सकाळी ही पिशवी टम्म भरलेली असते आणि सोनोग्राफीला आम्हाला ती तशीच भरलेली हवी असते.

भरलेलं पित्ताशय स्क्रीनवर काळं दिसतं, भोवती बारीकशी स्वच्छ कड. त्यात खडा असेल तर पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. मग मॅडम तुम्हाला डाव्या कुशीवर वळायला सांगतात ना, ते त्यासाठीच, वळलात की खडा आत घरंगळतो, आणि आतल्या भिंतीला मोड आलेला असेल (पॉलिप) तर तो जागचा हलत नाही. ह्यावर तुमच्या डॉक्टरांचं पुढचं सगळं ठरतं. आणि चहा घेतलेला असेल तर पिशवी आवळून गोळा झालेली, आत पोकळीच धड दिसत नाही, बारीक खडे घड्यांमध्ये दडतात. भिंत तीन मिलिमीटरच्या वर गेली की सूज आहे का अशी शंका येते, पण आवळलेल्या पित्ताशयाची भिंत तशीही जाडच दिसते, मग ती सूज आहे की चहा आहे हे कोणी सांगायचं? नसलेल्या आजाराची काळजी घेऊन तुम्ही घरी जाणार किंवा असलेला खडा सुटणार, दोन्ही आम्हाला नकोय.

बरेच जण म्हणतात, बरं मग तासभर थांबतो, नंतर करा. तासाभरात होत नाही ते. रिकामी झालेली पिशवी परत भरायला कित्येक तास लागतात, म्हणून तर आम्ही किमान सहा आणि शक्यतो आठ तास सांगतो. कोणी असंही म्हणतं की दुसरीकडे चहा पिऊन गेलो तरी करून देतात. करता येते, लिव्हर, किडनी, प्लीहा दिसतातच, पण पित्ताशयाच्या रकान्यात "आकुंचित, नीट तपासता आलं नाही" असं लिहावं लागतं आणि तुमच्या डॉक्टरांना तेच बघायचं असेल तर ते परत पाठवतात, परत फी. आम्ही त्यापेक्षा सरळ दुसऱ्या दिवशीचा पहिला नंबर देतो. आणि तुम्ही व्यवस्थित उपाशी आलात तरी गॅसमुळे एखादा भाग दिसला नाही तर तेवढं परत बघायचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

साधं पाणी चालतं, हवं तेवढं प्या, पाण्याने पित्ताशय आवळत नाही. बाकी काही नको. कॉफी बिनदुधाची असली तरी पित्ताशय आवळते, कोरा चहा, मध-लिंबूपाणी, ताक, नारळपाणी हेही नको. एकादशीला येणाऱ्यांनी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची चिक्की तपासणी झाल्यावर खावी, शेंगदाण्यात तर चहापेक्षा कितीतरी जास्त तेल आहे.

दुसरा त्रास गॅसचा. सोनोग्राफीच्या लहरी हवेवर आपटून परत येतात, पलीकडचं काही दिसत नाही, आणि स्वादुपिंड नेमकं जठराच्या मागे लपलेलं असतं. आदल्या रात्री मिसळ, मटकी, वाटाणा, राजमा, कोबी खाल्लं की त्यातल्या ज्या साखरा लहान आतड्यात पचत नाहीत त्या मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्या आंबवून गॅस करतात. म्हणून रात्री नऊच्या आत वरणभात, मऊ खिचडी किंवा भाकरी आणि दुधी-दोडक्याची भाजी असं हलकं जेवा. सकाळी बिडी-सिगारेट, गुटखा, च्युइंगगम नको, त्याने हवा गिळली जाते. आणि गॅस झालाय म्हणून घरातली फ्रूट सॉल्टची पुडी पाण्यात टाकून पिऊन येऊ नका, ते फसफसणं म्हणजे गॅसच आहे, तो जठरात जाऊन बसतो.

ओटीपोटही बघायचं असेल (गर्भाशय, अंडाशय, प्रोस्टेट, मूत्राशय) तर वेळेच्या तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन या आणि लघवीला जाऊ नका. फारच जोर आला तर दाबून बसू नका, काउंटरला सांगा, मधे घेऊ.

शुगरवाल्यांनी हे नीट वाचा. उपाशीपोटी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नका, बरोबर आणा, तपासणी झाली की नाश्त्याच्या वेळी घ्या. इन्सुलिन चालू असेल तर डोस कसा करायचा ते तुमच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. अपॉइंटमेंट घेतानाच शुगर आहे असं सांगितलंत तर आम्ही साडेसातचा पहिला नंबर ठेवतो. वाटेत घाम सुटला, हातपाय थरथरले, चक्कर आल्यासारखं झालं तर लगेच साखर खा, सोनोग्राफी उद्या होईल. बीपीची आणि थायरॉइडची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते. तान्ह्या बाळाला आठ तास उपाशी ठेवायचं नाही, एक दूध चुकवलं की पुरे, फोन करा, वेळ तशी जुळवून देऊ. आणि पोटात असह्य दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, तर हे पत्रक बाजूला ठेवा आणि खाल्लेलं असलं तरी निघा.

रक्ताची तपासणीही करायची असेल तर एकाच सकाळी दोन्ही उरकतं. फास्टिंग शुगरला आठ तासांचा उपास लागतोच, त्यामुळे आधी रक्त देऊन घ्या, मग सोनोग्राफी, मग इथेच बसून नाश्ता. जेवणानंतरची शुगर नाश्त्याचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजतात, नाश्ता संपल्यापासून नाही, तेव्हा पहिल्या घासाची वेळ काउंटरला लिहून द्या. डबा घरून आणलात तर उत्तम, आमच्याकडे बसायला जागा आणि प्यायचं पाणी आहे. रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो.

सकाळी जमतच नसेल तर दुपारी तीननंतरच्या काही वेळा असतात, त्यासाठी सकाळी सातला चहा-पोहे उरका आणि त्यानंतर फक्त पाणी. येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुनी सोनोग्राफी झालेली असेल तर तो रिपोर्ट फिल्मसकट आणा, खडा मागच्या वेळेपेक्षा वाढलाय का हे त्यावरूनच सांगता येतं.