वर्गात प्राणी आणायचाय? कढीपत्त्यापासून सुरुवात करा

"आई, उद्या शाळेत प्राणी न्यायचाय," हे रात्री साडेनऊला कळतं, हे घरोघरी सेम असणार. आमच्याकडे तिसरीच्या वर्गात असा एक दिवस झाला. एकाने सोसायटीच्या पार्किंगमधलं कुत्र्याचं पिल्लू आणलं, एकीने आजीचा पोपट पिंजऱ्यासकट, आणि एकाने प्लॅस्टिकच्या डब्यात रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं हिरवं कासव. दुसऱ्या तासापर्यंत पिल्लू बाकाखाली मुतून झालं होतं आणि घाबरून एका पोराच्या बोटाला दातही लावून झाले होते. आणि कासवाच्या डब्यातलं पाणी बदललं कुठे, तर जिथे पोरं पाण्याच्या बाटल्या भरतात त्याच नळाखाली.

या सगळ्यात मला सर्वात जास्त काळजी वाटली ती कासवाची. ते तर गरीब, चावत नाही, भुंकत नाही, पण त्याच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, कासवाला काही होत नाही, दिसायला ते एकदम ठणठणीत. विष्ठेतून जिवाणू पाण्यात येतात, पाण्यातून कवचावर, तिथून बोटावर आणि बोट तोंडात. मग ताप, पोटात कळा, जुलाब. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळायला विकायला बंदी आहे, कारण इतकं छोटं कासव लहान मुलं सरळ तोंडातच घालतात. कोंबडीची पिल्लं, पाली-सरडे यांच्यातही हे जिवाणू असू शकतात. आणि सॅनिटायझरवर भागवू नका, हात मळलेले असले की ते नीट काम करत नाही. नळ, साबण, वीस सेकंद, तेही जेवणाचा डबा उघडायच्या आधी.

कुत्र्याच्या पिल्लाचं म्हणाल तर रेबीज पिल्लालाही असू शकतो, "छोटंसं तर आहे" हे लॉजिक इथे चालत नाही. दात नुसते घासले, ओरखडा आला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची (घड्याळ लावून बघा, पंधरा मिनिटं फार मोठी असतात) आणि त्याच दिवशी डॉक्टर. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

पोपटाची गंमत वेगळीच. आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, चांदणी कासवाचंही तसंच. आजीला हे सांगायला मात्र मी गेले नाही.

मग आणायचं तरी काय? तर माझं मत, अळी! कुंडीतल्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखराची अळी सहज सापडते. लहान असताना हुबेहूब पक्ष्याची विष्ठा, काळपट-पांढरी, म्हणून पक्षी तिकडे बघतही नाहीत. चार वेळा कात टाकून शेवटच्या टप्प्यात हिरवीगार होते. काडीने हलकंच डिवचलं की डोक्यामागून केशरी लुसलुशीत शिंगं बाहेर काढते आणि एक उग्र वास सोडते. अख्खा वर्ग "ईईई" करतो आणि लगेच परत काडी मागतो. एकदाच करू द्या, तिलाही त्रास होतो. केसाळ सुरवंट मात्र नको, त्याचे केस टोचले की अंगावर गांध्या येतात.

बरणीला झाकण नको, जुन्या ओढणीचा तुकडा रबराने बांधा, नाहीतर आत दमटपणा साचून बुरशी धरते. पाण्याची वाटी नको, तिला पानातूनच पाणी मिळतं. रोज ताजं पान आणि शीच्या काळ्या गोळ्यांची सफाई, बास. आमच्या पहिल्या तीन अळ्या मेल्या, का तर घरचा पाला संपला म्हणून मी बाजारातली कढीपत्त्याची जुडी नेली, माझा संशय त्यावरच्या कीटकनाशकाच्या फवाऱ्यावर. तेव्हापासून फक्त कुंडीतला पाला.

कोषात जायच्या आधी अळी खाणं सोडते, पातळ शी करते आणि बरणीभर फिरत सुटते, पोरांना वाटतं आजारी पडली. अशा वेळी आत एक उभी काडी हवी. त्या काडीला अळी कमरेभोवती रेशमाचा धागा बांधून टेकून बसते. साधारण आठ-दहा दिवसांनी फुलपाखरू निघतं, तेव्हा लालसर थेंब पडतो, ते रक्त नाही, कोषातला साठलेला मळ असतो. पंख वाळेपर्यंत तास-दोन तास हात लावायचा नाही.

आमच्या एका कोषातून फुलपाखरू आलंच नाही. बारीक भोक पडलं आणि तिळाएवढ्या कितीतरी गांधीलमाश्या निघाल्या, त्यांच्या आईने कोषातच अंडी घातलेली, तिच्या पिल्लांनी आतून सगळं फस्त केलेलं. वर्गात एकदम शांतता. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, यांना पण खिडकीतून सोडायचं?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी मॅडमकडे, आणि सोडल्या.