त्सारिचिन ग्राद: हुकूमनाम्यातले शहर आणि मातीतले शहर

दक्षिण सर्बियात लेबाने गावाजवळ, दोन ओढ्यांमधल्या डोंगरसोंडेवर त्सारिचिन ग्रादचे अवशेष आहेत. इथे पहिली कुदळ 1912 साली पडली आणि त्याच वर्षी बाल्कन युद्ध पेटले. पुढेही काम सलग असे फारसे झाले नाही. 1930च्या दशकात पुन्हा सुरुवात झाली, तर दुसरे महायुद्ध आडवे आले. 1978पासून फ्रेंच सहकार्याने शिस्तशीर मोहिमा सुरू झाल्या, तर युगोस्लाव्हिया फुटताना त्यातही खंड पडला.

हे सहाव्या शतकातल्या पूर्व रोमन (बायझंटाईन) सम्राट जस्टिनियनने आपल्या जन्मगावाजवळ वसवलेले शहर जस्टिनियाना प्रीमा, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. नाव कोरलेला शिलालेख मात्र सापडलेला नाही. पुरावा आहे तो परिस्थितिजन्य: सम्राटाची नाममुद्रा असलेले स्तंभशीर्ष, अ‍ॅक्रोपोलिसवरचे (शहराच्या उंच, तटबंद भागातले) बिशपचे मोठे चर्च, रादान डोंगरातून सुमारे 20 किलोमीटरवरून पाणी आणणारा कालवा. सम्राटाच्या दरबारी इतिहासकारानेही या शहराच्या वर्णनात अशा कालव्याचा उल्लेख केला आहे. अडचण एकच. सम्राटाचे जन्मगाव पुष्कळदा उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्येजवळच्या ताओरला दाखवले जाते आणि ते इथून शंभर किलोमीटरहून दूर आहे. एकोणिसाव्या शतकात जस्टिनियाना प्रीमा म्हणजे स्कोप्येच, असे सांगणारे होते ते यामुळेच. त्यात बाराव्या शतकात ओह्रिदच्या आर्चबिशपांनी जस्टिनियाना प्रीमाची पदवी आपल्या नावापुढे लावली आणि त्यांचे पीठ 1767 साली बरखास्त होईपर्यंत ती चालली. पदवी भटकत राहिली, तसे शहरही नकाशावर भटकले.

खरा वाद आहे जस्टिनियनच्या 14 एप्रिल 535च्या हुकुमाचा. त्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. नव्या शहराच्या बिशपला आर्चबिशप करून ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीच्या अखत्यारीतून मोकळे केले. आणि इलिरिकमच्या (बाल्कनमधल्या अनेक प्रांतांच्या विभागाच्या) प्रीफेक्टचे, म्हणजे मुख्य कारभाऱ्याचे, ठाणेही थेस्सलोनिकीहून इकडे हलवायचे ठरवले. हुकुमातली कारणमीमांसा ऐकण्यासारखी आहे. पूर्वी हे ठाणे उत्तरेतल्या सिर्मियम शहरात होते. हूणांचा राजा अटिलाच्या धाडींत प्रीफेक्ट पळून थेस्सलोनिकीला गेला आणि त्याच्या मागोमाग धर्मपीठाचा मानही तिकडे गेला. आता डॅन्यूबचे दोन्ही काठ आपल्या हाती आहेत, तेव्हा कारभार उत्तरेत असणेच सोयीचे.

धर्मपीठाचे काम झाले, यात शंका नाही. 545च्या कायद्यात आर्चबिशपचे अधिकार पुन्हा सांगितले आहेत. 601 साली इथल्या आर्चबिशपला डोक्याच्या दुखण्यामुळे पदावरून काढू नका, असे रोमच्या पोपने लिहिलेले पत्रही आहे. प्रीफेक्टबद्दल मात्र 545चा कायदा गप्प आहे आणि नंतरच्या साधनांत तो अधिकारी थेस्सलोनिकीलाच भेटतो. माझ्या मते तो कधी हललाच नाही. तटाच्या आतली जागा दहा हेक्टरांहून कमी. त्यातली मोक्याची जागा चर्चने आणि सैनिकी कचेरीने व्यापलेली. अनेक प्रांतांचा महसूल पाहणारी कारकुनी फौज बसवायची कुठे? हुकूम अमलात आला असे मानणारे याचे समाधानकारक उत्तर देत नाहीत.

सुरुवातीच्या उत्खननाचा ओढा चर्च आणि मोझेइक फरशांकडे होता. खांबांच्या ओवऱ्यांत नंतर चिखलात रचलेल्या दगडी भिंती, भट्ट्या, छोट्या खोल्या यांना ‘ऱ्हासकाळ’ म्हणून बाजूला सारले जाई. कधी त्या थेट स्लाव टोळ्यांच्या नावावर टाकल्या जात. गेल्या दोन दशकांत हे चित्र बरेच पालटले. जळके धान्य, प्राण्यांची हाडे, हवाई लेझर मोजणीत दिसलेली तटाबाहेरची वस्ती हे सगळे एकत्र ठेवल्यावर दिसते की शेती आणि जनावरे या शहरात पाहुणी म्हणून आलेली नव्हती. दगडी ओवऱ्यांमागे कष्टकरी लोक राहत होतेच. त्यांच्याकडे पाहायला उत्खननकर्त्यांना उशीर झाला.

शहर नांदले जेमतेम ऐंशी-नव्वद वर्षे. नाण्यांची मालिका सातव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आवार आणि स्लाव टोळ्यांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत संपते. सर्बियाने हे स्थळ 2010 साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दिले, तेही जोडनावाने: त्सारिचिन ग्राद – जस्टिनियाना प्रीमा.