चोवीस तासांची पोस्ट आणि ती जपणारे

स्टोरी २४ तासांनी जाते, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात त्या वेळी एवढंच होतं, की अ‍ॅप ती इतरांना दाखवणं थांबवतं. कंपनीच्या सर्व्हरवर ती पुढे किती काळ राहते, टाकणाऱ्याच्या खात्यात तिची प्रत उरते का, बघणाऱ्याच्या फोनमध्ये काही शिल्लक राहतं का, या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक अ‍ॅपमध्ये वेगळी आहेत आणि गेल्या काही वर्षांत ती अनेकदा बदलली आहेत. पोस्ट जाण्याआधी जपून ठेवण्याची सगळी धडपड याच फटींतून वाढली. हा इतिहास नीट पाहिला तर मला एक गोष्ट फार खटकते. टाकणाऱ्याला आपली पोस्ट परत मिळावी याची सोय कंपन्यांनी बऱ्यापैकी करून दिली, पण ज्यांना तीच पोस्ट नोंद म्हणून किंवा पुरावा म्हणून हवी आहे त्यांना अजूनही स्वतःच्या हिकमतीवर भागवावं लागतं.

सुरुवात २०११ सालची. स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित इव्हान स्पीगल, रेगी ब्राउन आणि बॉबी मर्फी या तिघांनी त्या जुलैत ‘पिकाबू’ नावाचं अ‍ॅप काढलं. काही आठवड्यांतच त्याचं नाव स्नॅपचॅट झालं. पाठवलेला फोटो समोरच्याला फार तर १० सेकंद दिसायचा आणि मग जायचा. ही कल्पना लोकांना का भावली असावी, हे समजणं अवघड नाही. तोवर फेसबुकवर टाकलेलं प्रत्येक वाक्य, प्रत्येक फोटो तारखेसकट साठत होता आणि वर्षानुवर्षांनी कुणीही तो उकरून काढू शकत होता. बोलून विसरून जाता येतं तसं लिहून विसरून जाता यावं, ही गरज खरी होती. आजही आहे.

पण त्याच २०११ मध्ये अँड्रॉइडच्या ४.० आवृत्तीने दोन बटणं दाबून स्क्रीनशॉट घेण्याची सोय त्या आवृत्तीच्या फोनवर आणली. आयफोनवर ती आधीपासून होतीच. म्हणजे फोटो नाहीसा करणारं अ‍ॅप आणि तो टिपणारी बटणं लोकांच्या हातात जवळपास एकदमच आली. स्क्रीनशॉट घेतला की पाठवणाऱ्याला कळवायचं, हा स्नॅपचॅटने काढलेला तोडगा. टिपणं त्याने थांबत नव्हतं. फक्त टिपणारा उघडा पडत होता.

मे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या डिसायफर फोरेन्सिक्स या संस्थेने अँड्रॉइड फोन तपासून दाखवलं, की ‘गेलेले’ स्नॅप, म्हणजे स्नॅपचॅटवर पाठवलेले फोटो, फोनमध्येच पडून आहेत. त्या फायलींच्या नावामागे ‘नोमीडिया’ ही जोड लावलेली होती. ही जोड म्हणजे फोनमधल्या गॅलरीला दिलेली सूचना: हे चित्र दाखवू नकोस. फाइल जागच्या जागी होती, तिच्यावर नुसता पडदा होता.

पुढच्या वर्षी हे प्रकरण सरकारी कारवाईपर्यंत गेलं. मे २०१४ मध्ये ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्नॅपचॅटवरचे आरोप जाहीर केले. फोटो कायमचे जातात असं कंपनी ग्राहकांना सांगत होती, ते खोटं होतं, असा मुख्य ठपका. तपशील त्याहून बोलके होते. मिळालेले व्हिडिओ बराच काळ फोनमध्ये अ‍ॅपच्या बंदिस्त जागेबाहेर, कसलंही कुलूप न लावता साठत होते. फोन कॉम्प्युटरला जोडला की ते सहज सापडत. स्नॅप परस्पर जपून ठेवणारी तिसऱ्या पक्षांची, म्हणजे बाहेरच्यांनी बनवलेली, अ‍ॅप तर राजरोस उपलब्ध होती. नुसत्या गूगल प्लेवर अशा दहा अ‍ॅपची डाउनलोड १७ लाखांपर्यंत गेल्याचं कमिशनच्या तक्रारीत नोंदवलं आहे. कंपनीने तडजोड केली आणि २० वर्षं बाहेरच्या तज्ज्ञाकडून आपल्या गोपनीयता व्यवस्थेची तपासणी करून घेण्याचं बंधन मान्य केलं.

या तिसऱ्या पक्षांच्या सेवा किती धोक्याच्या असतात, हे दिसायला फार वाट पाहावी लागली नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘स्नॅपसेव्ड’ नावाच्या संकेतस्थळावरून लोकांचे खासगी फोटो मोठ्या प्रमाणात फुटले. हे संकेतस्थळ वापरायचं तर स्नॅपचॅटचं नाव आणि पासवर्ड त्याला द्यावा लागे, आणि आलेले फोटो ते स्वतःकडे साठवत असे. आपल्या सर्व्हरमध्ये कुणी शिरलेलं नाही असं स्नॅपचॅटने सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण ज्यांचे फोटो बाहेर आले त्यांचा या संकेतस्थळाशी काही संबंधच नसेल. त्यांनी फक्त एका मित्राला फोटो पाठवला होता. ‘स्टोरी डाउनलोड करून देतो’ म्हणणाऱ्या सेवांकडे आजही याच नजरेने पाहायला हवं. जिथे लॉगिन मागितलं जातं तिथे आपलंच नव्हे, आपल्या यादीतल्या प्रत्येकाचं खासगीपण आपण परस्पर दुसऱ्याच्या हवाली करत असतो.

दरम्यान नाहीशा होणाऱ्या पोस्टचा स्वभावच बदलला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये स्नॅपचॅटने स्टोरी आणली. एकाला पाठवायचा फोटो आता सगळ्या ओळखीच्यांना दिसू लागला, आणि सेकंदांच्या जागी २४ तास आले. २ ऑगस्ट २०१६ रोजी इन्स्टाग्रामने तीच कल्पना नावासकट उचलली. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटसही २४ तासांच्या फोटो-व्हिडिओंचं झालं, मार्चमध्ये फेसबुकवर स्टोरी आल्या. दोन मित्रांमधली थट्टा म्हणून सुरू झालेला प्रकार काही वर्षांत जाहीर फलक बनला. सरकारी खाती, पक्ष, कलाकार, पत्रकार, आंदोलक सगळे त्यावर बोलू लागले. तिथून पुढे ‘ही पोस्ट उद्या कुठे असेल’ हा प्रश्न खासगीपणाच्या बाहेर जाऊन सार्वजनिक नोंदीचा झाला.

थेट प्रक्षेपणात हे सर्वांत आधी कळलं. मार्च २०१५ मध्ये ट्विटरने फोनवरून थेट प्रक्षेपण करायचं पेरिस्कोप सुरू केलं. त्यावरचं प्रक्षेपण नंतर २४ तास पाहता येई, मग नाही. ते टिकवण्यासाठी ‘कॅच’ नावाची वेगळी सेवा निघाली. प्रक्षेपणाच्या ट्वीटमध्ये तिचा हॅशटॅग टाकला की ती व्हिडिओची प्रत ठेवायची. मे २०१६ मध्ये ती सेवाच बंद पडली. जपणाराही टिकेलच असं नाही, हा धडा आजच्या प्रत्येक सोयीला लागू पडतो. त्याच महिन्यात पेरिस्कोपने स्वतःची जपून ठेवण्याची सोय जाहीर केली.

नंतर महिनाभरात, २२ जून २०१६ रोजी, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटिक सदस्यांनी बंदुकांवरच्या कायद्यासाठी सभागृहातच बैठक मारली. कामकाज तहकूब झालं आणि नियमाप्रमाणे सभागृहाचे अधिकृत कॅमेरे बंद झाले. कॅलिफोर्नियाचे सदस्य स्कॉट पीटर्स यांनी आपल्या फोनवरून पेरिस्कोप सुरू केलं, दुसऱ्या काहींनी फेसबुक लाइव्ह. संसदीय कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीने तीच फोनची दृश्यं देशाला दाखवली. एका विधिमंडळातल्या एका दिवसाहून जास्त चाललेल्या घटनेचं चित्रण अशा साधनावर अवलंबून होतं, ज्याचा पायाच ‘उद्या हे नसेल’ असा होता. वाहिनीने ते उचललं म्हणून ठीक. जिथे वाहिनी नसते तिथे काय होतं?

टाकणाऱ्यांच्या बाजूने मात्र कंपन्या झपाट्याने नमल्या. जुलै २०१६ मध्ये स्नॅपचॅटने मेमरीज, म्हणजे आपले स्नॅप जपून ठेवायची सोय, आणली. ज्यांनी ‘जाऊ द्या’ म्हटलं होतं त्यांनीच ‘ठेवून द्या’ म्हणायला सुरुवात केली. डिसेंबर २०१७ मध्ये इन्स्टाग्रामने स्टोरी संपली की ती टाकणाऱ्याच्या खासगी संग्रहात आपोआप जमा करायला आणि हवी ती हायलाइट म्हणून प्रोफाइलवर कायम ठेवू द्यायला सुरुवात केली. २०१८ मध्ये युरोपातला माहिती संरक्षणाचा नियम लागू झाला आणि आपली सगळी माहिती एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय मोठ्या अ‍ॅपमध्ये रुळली. त्यामुळे आपलीच जुनी स्टोरी हवी असेल तर कुठल्याही बाहेरच्या अ‍ॅपकडे जायचं कारण उरलेलं नाही. संग्रह चालू आहे ना, एवढं सेटिंगमध्ये एकदा बघावं.

बघणाऱ्याचं काय, याबाबत कंपन्यांचा गोंधळ दिसतो. स्टोरीचा स्क्रीनशॉट घेतल्यास कळवायचं, असा प्रयोग इन्स्टाग्रामने २०१८ च्या सुरुवातीला करून पाहिला आणि काही महिन्यांतच सोडून दिला. ट्विटरच्या फ्लीट्स, म्हणजे तिथल्या २४ तासांच्या पोस्ट, नोव्हेंबर २०२० मध्ये जगभर आल्या आणि लगेच उघड झालं, की २४ तास उलटले तरी त्या तांत्रिक मार्गाने मिळवता येतात, तेही टाकणाऱ्याला न कळता. ती चूक दुरुस्त झाली. फ्लीट्स मात्र ३ ऑगस्ट २०२१ रोजी बंदच झाल्या.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसची गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिथे आतली यंत्रणा दिसते. स्टेटस एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं, टाकणारा आणि बघणारा यांच्या फोनखेरीज मध्ये कुठेही ते उघडत नाही. म्हणजे ते बघायचं तर फाइल आपल्या फोनवर यावीच लागते आणि तिथेच उघडावी लागते. अँड्रॉइडवर ती व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडिया फोल्डरमध्ये ‘स्टेटसेस’ नावाच्या उपफोल्डरात येऊन बसते. त्या नावाच्या आधी एक टिंब असतं, आणि टिंबाने सुरू होणारी नावं फाइल मॅनेजर एरवी लपवतो. ‘लपवलेल्या फायली दाखवा’ हा पर्याय चालू केला की आपण पाहिलेली स्टेटस तिथे रांगेत दिसतात. वेळ संपली की अ‍ॅप त्या पुसतं. स्टेटस सेव्हर नावाची अ‍ॅप फारसं वेगळं काही करत नाहीत. या फोल्डरातली फाइल उचलून दुसरीकडे ठेवतात. त्यासाठी ती मागतात त्या परवानग्या आणि दाखवतात त्या जाहिराती पाहता, हाताने नक्कल करणं कधीही बरं.

सार्वजनिक संग्रहांच्या हाती या पोस्ट जवळपास लागतच नाहीत. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून वेबची पानं जपतं, पण त्याचे फिरते प्रोग्रॅम लॉगिनच्या आत जात नाहीत, आणि फोनच्या अ‍ॅपमध्ये २४ तास दिसणारी गोष्ट त्यांच्या फेरीत सापडणं कठीण. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये ट्विटरवरची सगळी सार्वजनिक ट्वीट जपायचं ठरवलं होतं. २०१८ पासून त्यांनीही फक्त निवडक घ्यायला सुरुवात केली. उघड्यावरच्या, कायम राहणाऱ्या पोस्टची ही अवस्था. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधल्या अभ्यासात २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. स्टोरी आणि स्टेटस या हिशेबात येतच नाहीत.

पुराव्याचं महत्त्व कळायला युद्धगुन्ह्यांचे तपास कारणीभूत ठरले. ऑगस्ट २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातला लष्करी कमांडर महमूद अल-वर्फल्ली याच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं, त्यात समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंचा मोठा आधार होता. त्याच सुमाराला हिंसक मजकूर हटवण्याच्या यूट्यूबच्या स्वयंचलित मोहिमेत सीरियातल्या अत्याचारांचं चित्रणही गेलं, आणि २०१४ पासून ते जमवत असलेल्या सीरियन आर्काइव्हला ते परत मिळवण्यासाठी झगडावं लागलं. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क कार्यालय आणि कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ यांनी मिळून ‘बर्कली प्रोटोकॉल’ काढला: डिजिटल पुरावा कसा शोधावा, कसा जपावा याची नियमावली. मूळ पत्ता, टिपल्याची वेळ, कुणी टिपलं आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून गणिताने काढलेला तिचा ठसा) या नोंदींवर त्यात भर आहे. फाइलमध्ये एक बिंदू जरी बदलला तरी हॅश बदलतं, म्हणून ‘ही तीच फाइल’ हे नंतर दाखवता येतं.

हे वाचल्यावर आपण घेतो त्या स्क्रीनशॉटचं उणेपण लक्षात येतं. स्टोरीवर तारीख नसते. ‘५ तासांपूर्वी’ एवढंच असतं. महिन्याभराने त्या चित्रावरून दिवस कळत नाही. फोनमधून फोनमध्ये फिरताना मूळ फाइलची वेळही हरवते. महत्त्वाची स्टोरी टिपायची तर प्रोफाइलच्या पानापासून स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करावं, स्टोरी शेवटपर्यंत जाऊ द्यावी, फोनमधली तारीख-वेळ उघडून दाखवावी आणि मूळ फाइल न कापता, न पाठवता वेगळी ठेवावी.

सगळंच जपावं असं मात्र मी म्हणणार नाही. कुणी रात्री उदास होऊन टाकलेलं आणि सकाळी गेलेलं स्टेटस दुसऱ्याच्या फोनमध्ये राहू नये. अधिकारपदावरून केलेली घोषणा, जमावाला दिलेली चिथावणी, एखाद्या घटनेचं एकमेव चित्रण यांना तो न्याय लावता येत नाही. कंपन्यांच्या रचनेत हा फरकच नाही. अपवाद सापडतो तो एकच, व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांमध्ये. एप्रिल २०२३ पासून तिथे नाहीसा होणारा मेसेज मिळालेल्या माणसाला ‘जपून ठेव’ म्हणता येतं. पाठवणाऱ्याला लगेच कळतं आणि त्याने नकार दिला तर मेसेज ठरल्या वेळी जातो. म्हणजे खासगी बोलण्यात शेवटचा शब्द पाठवणाऱ्याचा, हे निदान स्पष्ट ठरलं. जाहीर स्टोरीबद्दल शेवटचा शब्द कुणाचा, हे कुठल्याही अ‍ॅपने ठरवलेलं नाही, आणि तोवर ती जपण्याचं काम ती वेळेत पाहिलेल्या माणसावरच आहे.