चाळिशीत पुन्हा ऐकू येणारा ट्रॉम्बोन

१९९० च्या दशकातल्या पॉप-पंक (गुणगुणता येईल असं वेगवान पंक रॉक) आणि स्का (उडत्या ठेक्याचं, ट्रॉम्बोन-ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचं संगीत) अल्बमांना गेल्या काही वर्षांत पुन्हा दिवस आले आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये लास व्हेगासला ‘व्हेन वी वेअर यंग’ असं सरळ सरळ नाव घेऊनच एक महोत्सव झाला. ‘डूकी’ला तीस आणि ‘अमेरिकन इडियट’ला वीस वर्षं झाली म्हणून ग्रीन डे या बँडने २०२४ मध्ये दोन्ही अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवत दौरा काढला. २०१९ मध्ये गाशा गुंडाळलेली वॉर्प्ड टूर ही पंक बँडची फिरती जत्रा २०२५ मध्ये परत आली. मार्च २०२५ मध्ये लोलापलूझा महोत्सवाच्या निमित्ताने ग्रीन डे मुंबईतही वाजवून गेले.

विशीच्या आत-बाहेर ऐकलेली गाणी मनात सर्वांत घट्ट बसतात, हे मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षं सांगत आले आहेत. त्यात पैशाचं गणितही आहे. स्ट्रीमिंगमधून बँडच्या हाती फारसं काही पडत नाही, कमाई तिकिटांवर होते, आणि महागडं तिकीट काढायची ऐपत आता त्याच पिढीकडे आली आहे. पण हे अल्बम तेव्हा आपण ऐकले ते मागचं-पुढचं काही ठाऊक नसताना. चॅनल व्ही आणि एमटीव्हीवर नो डाउटचं ‘डोन्ट स्पीक’ उठता-बसता लागायचं. ते गाणं काही स्का नव्हे. पण ज्या ‘ट्रॅजिक किंग्डम’मध्ये (१९९५) ते आहे, त्यात स्का जागोजागी आहे, आणि हा बँड १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला सुरू झाला तोच मुळी स्का बँड म्हणून. आपल्याला कोणी ते सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही.

स्काचं माहेर जमैका. पन्नासच्या दशकात किंग्स्टनमध्ये ‘साउंड सिस्टिम’ लागत: मोठमोठे स्पीकर, त्यावर अमेरिकन रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या आणि रस्त्यावर नाच. अमेरिकेत रॉक अँड रोलचा जोर वाढला तशा हव्या त्या तबकड्या मिळेनाशा झाल्या. मग कॉक्सन डॉड, ड्यूक रीड आणि प्रिन्स बस्टर या साउंड सिस्टिमवाल्यांनी स्वतःच ध्वनिमुद्रणं करायला घेतली. त्यातून जो ठेका घडला त्यात गिटारचा फटका मात्रेवर पडत नाही, दोन मात्रांच्या मधल्या जागेत पडतो. टाळी वाजते तिथे नाही, टाळीनंतर हात उघडतात तिथे. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला तेव्हा तिथे वाजत होता तो हाच ठेका.

त्यावर ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे लोक कच्चे नव्हते. स्कॅटलाइट्स हा बँड १९६४ मध्ये जमला आणि वर्षभरातच मोडला. त्यातले डॉन ड्रमंड, टॉमी मॅककुक आणि आणखी काही जण किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलचे विद्यार्थी. गरीब, अनाथ मुलांची ही शाळा कॅथलिक जोगिणी चालवत आणि तिचा बँड नावाजलेला होता. गोव्यातल्या पॅरिश शाळांत नोटेशन शिकून मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात पोचलेल्या वादकांची परंपरा ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको. चर्चच्या शिस्तीत वाद्य शिकायचं आणि बाहेर पडून जाझ वाजवायचा. ट्रॉम्बोन वाजवणारा ड्रमंड सर्वांत मोठा. त्याचा शेवट मात्र वाईट झाला: १९६५ च्या सुरुवातीला त्याच्या हातून मैत्रिणीचा खून, आणि १९६९ मध्ये मनोरुग्णालयात मृत्यू. आनंदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संगीताचा पाया इतका काळोखा आहे.

जमैकन माणसं इंग्लंडला गेली, सोबत तबकड्या गेल्या. मिली स्मॉलचं ‘माय बॉय लॉलिपॉप’ १९६४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पुढे १९७९ मध्ये कोव्हेंट्रीत जेरी डॅमर्सने ‘टू टोन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. स्पेशल्स, सिलेक्टर यांसारख्या बँडमध्ये गोरे आणि काळे वादक एकत्र होते, तेही ब्रिटनमध्ये वंशद्वेष रस्त्यावर उतरला होता त्या काळात. त्यांनी जुन्या स्काला पंकची धार लावली. १९८१ च्या जुलैत ब्रिटिश शहरांमध्ये दंगली पेटल्या असताना स्पेशल्सचं ‘घोस्ट टाउन’ पहिल्या क्रमांकावर होतं. बंद पडलेले क्लब, बेकार पोरं, आणि मधोमध रिको रॉड्रिगेझचा ट्रॉम्बोन. रिको अल्फा बॉइज स्कूलचाच. म्हणजे धागा तुटलेला नव्हता.

अमेरिकेत हे सगळं पोचलं ते बऱ्याच अंशी टू टोनच्या तबकड्यांमधून. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १९८६ च्या अखेरच्या दिवशी ‘९२४ गिलमन स्ट्रीट’ ही पंक बँडनी वाजवायची जागा सुरू झाली. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, आणि बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बँडना मज्जाव. तिथे वाढलेला, स्का आणि पंक एकत्र वाजवणारा ऑपरेशन आयव्ही हा बँड १९८७ ते १९८९ एवढाच टिकला, एकच अल्बम करून. त्यातल्या टिम आर्मस्ट्राँग आणि मॅट फ्रीमन यांनी पुढे रॅन्सिड काढला. ग्रीन डेही गिलमनचेच. फेब्रुवारी १९९४ मध्ये ‘डूकी’ बड्या कंपनीकडून आला, अमेरिकेतच एक कोटीहून जास्त खपला, आणि गिलमनचा दरवाजा त्यांना बंद झाला. २०१५ मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी तो उघडला.

‘डूकी’ खपतोय म्हटल्यावर कंपन्या तसलेच बँड शोधत सुटल्या आणि जाळ्यात ब्रासवालेही, म्हणजे पितळी वाद्यांचे स्का बँडही आले. रील बिग फिश, लेस दॅन जेक, गोल्डफिंगर. १९९७ मध्ये मायटी मायटी बॉसटोन्स रेडिओवर सतत वाजत होते. मग दोनेक वर्षांत हवा गेली. सात-आठ जणांचा बँड व्हॅनमधून फिरवणं तिघांच्या बँडपेक्षा केव्हाही महाग. हा बदल एका माणसातही दिसतो: ट्रॅव्हिस बार्कर १९९८ मध्ये अ‍ॅक्वाबॅट्स हा स्का बँड सोडून ब्लिंक-१८२ मध्ये ड्रमवर बसला आणि जून १९९९ मध्ये ‘एनिमा ऑफ द स्टेट’ आला. ब्रास संपला, तिघे उरले.

आज हे सगळं ओळीने लावलं की दोन्ही प्रकारांचं वय सारखं वाढलेलं नाही हे जाणवतं. ब्लिंकचं ‘वयात न येणं’ तेव्हा धमाल वाटायचं. तो अल्बम आला तेव्हा त्यांचा गायक मार्क हॉपस स्वतः सत्तावीस वर्षांचा होता. मुलींबद्दलचे विनोद आता कानाला खुपतात, आणि मुलं गाडीत मागे बसलेली असतील तर हात आपोआप पुढच्या गाण्याकडे जातो. उलट ‘डूकी’तलं ‘बास्केट केस’ कॉलेजात नुसता धिंगाणा होता. ग्रीन डेच्या बिली जो आर्मस्ट्राँगने ते स्वतःच्या पॅनिक अ‍ॅटॅक्सवर लिहिलंय हे कळल्यावर सुरुवातीचा एकटा गिटार आणि त्यावरचा धडपडता आवाज वेगळाच लागतो.

आणि रॅन्सिडचा ‘अँड आउट कम द वुल्व्ज’ (१९९५). लहान स्पीकरवर त्यात गिटार आणि आरडाओरडा ऐकू यायचा. चांगला हेडफोन लावला की मॅट फ्रीमनचा बेस सापडतो, गाण्याच्या पोटात अखंड पळत असलेला. ‘टाइम बॉम्ब’मधला ऑर्गन आणि मात्रांच्या मधला तो फटका थेट टू टोनमधून आलेला. माझ्या मते या पिढीच्या अल्बमांमध्ये हा सर्वांत कमी म्हातारा झालाय.

मधल्या काळात मंडळीही वाढली. डिसेंडंट्स या पंक बँडचा गायक मायलो ऑकरमन जैवरसायनशास्त्रज्ञ म्हणून नोकरी करत राहिला आणि २०१६ मध्ये ती सोडून पुरता गाण्याकडे वळला. ऑफस्प्रिंग या बँडच्या डेक्स्टर हॉलंडने २०१७ मध्ये रेण्वीय जीवशास्त्रात पीएचडी घेतली. स्पेशल्सचा गायक टेरी हॉल डिसेंबर २०२२ मध्ये गेला. त्याआधी २०१९ मध्ये स्पेशल्सचा ‘एन्कोर’ हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन आला होता. स्काची थट्टा करणं हा अमेरिकेत वीस वर्षं फॅशनचा भाग होता. तिथेच जेफ रोझेनस्टॉक या पंक गायकाने २०२१ मध्ये आपला आदल्या वर्षीचाच पंक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्कामध्ये नव्याने बांधला आणि ‘स्का ड्रीम’ नावाने काढला, ब्राससकट.