ट्रम्पेटमधून गळते ती थुंकीच?

वरातीत ट्रम्पेटवाला कळ दाबून पाणी काढतो, ती सगळी थुंकीच, असा समज जुना आहे. थोडी लाळ असतेच, पण बहुतेक पाणी श्वासातल्या वाफेचं. तोंडातली उबदार, दमट हवा जवळपास दीड मीटरच्या पितळी नळीत गार पडते आणि थेंब धरतात. म्हणून मे महिन्यात ठाण्याच्या तापल्या रस्त्यावर पाणी कमी. एसी हॉलमध्ये मात्र सूर लवकर गुरगुरू लागतो. पडताळायचं तर एसी खोलीतल्या आरशावर, ओठ न टेकवता, 'हाऽऽ' करा. (फ्रिजमधला पेला नको, आपल्याकडच्या हवेत तो आपोआपच ओला होतो.) पाणी काढताना कळ दाबून ओठ न थरथरवता फुंकायचं. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या (सूर बदलायला बोटाने दाबायच्या खटक्याच्या) नळीला अशी कळ नसेल तर ती ओढून झटकायची. पंगतीतले गुलाबजाम खाऊन थेट वाजवायला उभं राहू नये, आधी चूळ भरावी. साखरेने व्हॉल्व्ह चिकटतात.