रेड म्हणजे बॅकअप नव्हे

२६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्या हलवायचं काम चालू होतं. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं साठवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा जळाली आणि ८५८ टेराबाइट डेटा गेला. बाहेर कुठेही दुसरी प्रत नव्हती. कारण काय सांगितलं, तर डेटा फार मोठा होता!

यावर घरी चार हार्ड डिस्कचा डबा घेतलेले अनेकजण म्हणतील, ‘आपल्याकडे रेड आहे, आपल्याला काय काळजी?’ रेड म्हणजे अनेक डिस्क अशा जोडायच्या की एखादी बिघडली तरी डेटा टिकावा. पण बॅकअप, म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत, हे रेडचं काम नव्हे. त्याचं काम वेगळंच आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की जरा सविस्तर सांगतो.

१९८८मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलं की एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडाव्यात. पण डिस्क वाढल्या की त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. त्यावर उतारा म्हणजे पॅरिटी.

समजा, तीन डिस्कवर एकाच जागी १, ०, १ असे बिट आहेत. चौथीवर असा बिट लिहायचा की एकूण १ची संख्या सम व्हावी. इथे १ दोनदा आलाय, म्हणून चौथा ०. पुढच्या जागी १, १, १ असेल तर चौथा १. आता दुसरी डिस्क मेली. पहिल्या जागी उरले १, १, ०. संख्या समच आहे, म्हणजे गेलेला बिट ०. पुढच्या जागी उरले १, १, १. विषम! म्हणजे गेलेला बिट १. चार टेराबाइटच्या डिस्कवर असे ३२ लाख कोटी बिट असतात, आणि या शाळकरी हिशेबाने त्यातला प्रत्येक परत मिळतो. कुठलीही डिस्क जाऊ दे, मात्र एकच.

याहून गंमत म्हणजे एखादा बिट बदलला तर बाकीच्या डिस्क वाचाव्याच लागत नाहीत. जुना आणि नवा बिट वेगळे असतील तर पॅरिटी उलटवायची, संपलं. मात्र डेटा लिहून झाला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली, तर दोघांचा मेळ तुटतो. याला राइट होल म्हणतात. शिवाय रेडच्या रेड-५ या प्रकारात पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर फिरवत ठेवतात, नाहीतर प्रत्येक लिखाणाची रांग त्या एका डिस्कपाशी लागेल.

मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवल्यावर गेलेला डेटा परत मिळवायला उरलेल्या तिन्ही अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टेराबाइट. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा ‘१०चा १४वा घात इतक्या बिटांमागे फार तर एक वाचन-चूक’ असं लिहिलेलं असतं. ते होतात साडेबारा टेराबाइट, म्हणजे जवळजवळ आपल्या वाचनाइतकेच. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या निघतात, पण एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेल्या डिस्कचं वयही सारखंच असतं, त्यामुळे एकीपाठोपाठ दुसरीही जाऊ शकते. म्हणून रेड-६ या प्रकारात दुसरी पॅरिटी असते, दोन डिस्क गेल्या तरी निभावतं.

आता मुद्दा. तुम्ही चुकून फोटोंचं फोल्डर उडवलंत, तर पॅरिटीही त्याच क्षणी इमानेइतबारे बदलते. खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअर प्रोग्रामने फायलींना कुलूप लावलं, तर त्या कुलूपबंद फायलींची पॅरिटी तयार! आग किंवा चोरी झाली तर अख्खा डबाच जातो. दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूची माळ जरूर घाला; लिंबू-मिरची टांगून डिस्क वाचत नाही. आणि ‘क्लाउडवर आहे’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी डिस्कवर आहे. नुसतं सिंक, म्हणजे दोन्हीकडच्या फायली सारख्या ठेवणं, असेल तर इथे उडवलेलं तिथूनही उडतं.

त्यापेक्षा साध्या दोन यूएसबी डिस्क घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक घरी, पण कॉपी करण्यापुरतीच जोडायची. दुसरी बहिणीकडे किंवा गावी, आणि येता-जाता अदलाबदल. जुन्या आवृत्त्या जपणारं सॉफ्टवेअर वापरा, आणि अधूनमधून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर फायली परत आणून उघडून बघा. जानेवारी २०१७मध्ये प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाची निघाली नाही. बॅकअप फसत असल्याच्या ईमेल निघत होत्या, पण त्याही वाटेतच नाकारल्या जात होत्या. एका इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी स्वतःच्या कामासाठी प्रत काढून ठेवली होती, तीच शेवटी उपयोगी पडली.